उदाराम भाऊजी गादी पारखतात

धान पारखणं हा माझ्या भाऊजींचा धंदा आहे आणि बाकी सगळं पारखणं हा त्यांचा रोग. नाव उदाराम, गाव कामठा. गोंदियाजवळच्या एका राईस मिलमध्ये ते चाळीस वर्षं परखी मारत आले आहेत. परखी म्हणजे हातभर लांब, टोकदार, पन्हाळीसारखी खोलगट लोखंडी सळई. भरल्या पोत्यात ती खुपसायची, फिरवायची आणि बाहेर ओढायची, की पोत्याच्या पोटातलं मूठभर धान तळहातावर येतं. भाऊजी ते चोळतात, फुंकतात, एक दाणा दाढेखाली धरून फोडतात आणि फुटल्याचा आवाज कान देऊन ऐकतात. मग म्हणतात, "साडेतेरा." म्हणजे ओल साडेतेरा टक्के. मिलमालकानं ओल मोजायचं यंत्र आणलं तेव्हा भाऊजींनी आधी त्या यंत्राचीच परीक्षा घेतली. यंत्रानं तेरा पूर्णांक आठ दाखवले. भाऊजी म्हणाले, "मशीन बरी आहे. थोडी चुकते, पण नवीन आहे."

इथवर ठीक होतं. पण हा माणूस टरबूज घ्यायला गेला तर चाळीस मिनिटं लावतो. छत्री दुकानात उघडून, मिटून, पाण्याच्या मडक्याखाली धरून मग घेतो. दुकानदार त्यांना लांबून येताना पाहतात आणि पोराला गल्ल्यावर बसवून मागच्या दारानं चहाला जातात.

आमच्या बाईला पाहायला आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. बाई म्हणजे माझी मोठी बहीण शामकला; आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. आम्ही अर्जुनी मोरगावचे. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि दाराआडून सगळं पाहत होते. पाहुण्यानं पोहे खाल्ले, चहा घेतला, बाईकडे एकदा ओझरतं पाहिलं आणि माझ्या वडिलांना म्हणाला, "घरचे तांदूळ दाखवा." मीच सूप भरून नेलं. त्यानं दाणा फोडला, डोळे मिटून चावला आणि म्हणाला, "या घरचे लोक धान वाळवाले घाई नाही करत." लग्न ठरलं. बाईला कोणी काही विचारलं नाही. त्या काळी विचारायची पद्धतही नव्हती. मला मात्र तेव्हापासून भाऊजींचा राग येतो, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासूनच ते मला आवडतातही.

तर गेल्या पावसाळ्यात बाईची कंबर गेली. तीस वर्षं चिखलात ओणवं राहून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, केलेली कंबर, कधीतरी ती हिशेब मागणारच होती. बाई उठताना भिंत धरायला लागली, मग बसतानाही धरायला लागली. शेवटी डिसेंबरात गोंदियाच्या डॉक्टरनं फोटो काढले आणि तीन गोष्टी सांगितल्या. खाट बंद. जमिनीवर झोपणं बंद. सख्त गद्दा लो. बाईची खाट नायलॉनच्या पट्ट्यांची होती, आणि ती इतकी झोळली होती की बाई झोपली की नुसती नाकाची शेंडी वर दिसायची.

माझी भाची भूमिका नागपूरला नोकरी करते आणि बापावर गेलेली नाही. तिनं त्याच संध्याकाळी मोबाइलवरून गादी मागवली. मेमरी फोमची, कडक प्रकारातली, आणि स्वस्तातली. कारण महागातली पाहिली असती तर बापानं आधी कंपनीचा कारखाना दाखव म्हटलं असतं. एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिनं फोनवर त्यांना कंपनीची अट वाचून दाखवली. शंभर रात्री झोपून पाहा. पसंत पडली नाही तर आम्ही घरून परत नेऊ, पैसे परत देऊ.

"म्हणजे नमुना पाठवून राहिले म्हण ना," भाऊजी म्हणाले.

झालं. त्या क्षणापासून ती गादी राहिली नाही. ती नमुना झाली. आणि मिलचा नियम असा की नमुन्याचं धान कोणी शिजवून खात नाही. ते बाजूला ठेवायचं, त्याला हात लावू द्यायचा नाही, माल पास की नापास हे ठरेपर्यंत.

डिसेंबरच्या मध्यात गादी आली. खोक्यात चटईसारखी गुंडाळून, हवा काढून, दाबून भरलेली. वरचं प्लॅस्टिक कापलं तशी ती फुसफुसत फुगायला लागली. खोकं उचलायला भाऊजींनी बकारामला बोलावलं होतं. बकाराम त्यांच्याच मिलमध्ये हमाल आहे आणि शेजारीच राहतो. तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "दादा, हे तं श्वास घेऊन राहिली." बाई सांगते, घरभर चपलांच्या नव्या दुकानासारखा वास सुटला होता आणि तो आठ दिवस गेला नाही. भाऊजींनी वहीत पहिली नोंद केली: वास आहे. मग त्यांनी बाजारातून प्लॅस्टिकची जाड पन्नी आणली, गादी तिच्यात चारही बाजूंनी बांधली, चिकटपट्टी लावली आणि बैठकीतल्या दिवाणावर ठेवून दिली.

मी जानेवारीत दोन दिवसांसाठी गेले तेव्हा तपासणी जोरात सुरू होती. भाऊजी सकाळी सहाला उठून गादीवर पंजा दाबत, उचलत आणि खूण भरून यायला किती वेळ लागतो ते मोजत. रविवारी दुपारी पुन्हा तेच. वही उघडून त्यांनी मला दाखवली. सकाळी टणक. दुपारी मध्यम. शेजारी बारीक अक्षरात शेरा: माल हवा पाहून बदलते.

"दामिनी, तू पाहा," ते म्हणाले, "दाबला का दबलेलाच राहते. उसळी नाही. ओल्या धानाचं असंच राहते. पोत्यावर हात मारला, अन् हाताचा खड्डा तसाच राहिला, तं समजाचं का आत पाणी आहे."

"भाऊजी, हे धान नाही. मेमरी फोम असाच असतो. अंगाचा आकार घेतो आणि हळूहळू पूर्ववत होतो. गरमीत नरम पडतो, थंडीत कडक होतो. त्याचा तो गुणच आहे."

"गुण? थंडीत एक अन् गरमीत एक, त्याले आमच्या मिलात गुण नाही म्हणत."

मी अर्जुनीला ब्लाउज शिवते. कापडाचं मला कळतं, फोमचं फारसं नाही. पण दुकानात बसून मी मोबाइलवर वाचून काढलं होतं. वरचा दोन बोटं थरच मेमरी फोमचा असतो, खाली साधा कडक फोम. स्वस्त गादीत वरचा थर पातळ असतो एवढंच. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू डोळ्यानं पाह्यलं का आतमध्ये?" मी म्हटलं नाही. "मंग," म्हणाले, आणि वही मिटली.

"बरं, ते राहू द्या. बाई कुठे झोपते?"

"खाटेवर. कुठं झोपन?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "शंभर रात्री झोपून पाहा असं लिहिलं आहे त्यांनी. शंभर रात्री पाहत बसा असं नाही लिहिलं."

"वापरली अन् डाग पडला तं वापस कोण घेईन?" भाऊजी शांतपणे म्हणाले. "पास झाली का झोपन ते. शंभर दिवसांनी काय होते? कंबर काही पळून नाही जात."

मी बाईकडे पाहिलं. बाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू दे वो दामिनी. ह्यांचं होऊन जाऊ दे." मला तिचाही राग आला. सदतीस वर्षं संसार केला आणि या बाईनं एकदा ताट आपटलं नाही. मी असते तर पन्नी फाडून गादीवर उभी राहिले असते. हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती नुसती हसली आणि तांदळातला खडा माझ्या हातावर ठेवला.

त्या रविवारी मी तज्ज्ञांची बैठकही पाहिली. एकट्याच्या मतावर भाऊजी माल नापास करत नाहीत. तेवढा न्याय त्यांच्याकडे आहे. म्हणून गावातला जो कोणी बैठकीत येई त्याला पन्नीवर आडवं व्हायला सांगत. पोस्टमन झोपून गेला. किराणावाला झोपून गेला. सुशिलाबाई नावाची शेजारीण साखर मागायला आली, तिनं उभ्यानंच गादीला बोट लावलं, तर तेही वहीत लिहिलं गेलं. मग ईश्वरदास आले. हे मिलचे काटेवाले, ट्रक तोलणारे, आणि स्वतः सव्वा क्विंटल. ते गादीच्या काठावर बसले. काठ दबला, पन्नी निसरडी होती, ईश्वरदास सरकत सरकत जमिनीवर आले आणि तिथूनच म्हणाले, "काठ कच्चा आहे गा." भाऊजींनी त्याखाली दोनदा रेघ ओढली.

शेवटी बकाराम. तो अकरा वाजता आडवा झाला. सव्वाअकराला घोरायला लागला. दीड वाजता त्याची बायको त्याला शोधत आली तेव्हा उठला, आणि मी कुठं आहो म्हणून विचारायला लागला. मी म्हटलं, घ्या, झाली परीक्षा. पण भाऊजींनी बकारामचं मत धरलंच नाही. म्हणाले, "झोपलेल्या माणसाची साक्ष चालत नाही. त्याले आतून-बाहेरून काय समजलं?" हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या, आणि रात्री बाई त्या झोळीत कूस बदलताना कण्हली तेव्हा हसल्याची लाज वाटली.

फेब्रुवारीत मला जाता आलं नाही. आमच्याकडे इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं होतं, उन्हाळी धानाचा रोवणा सुरू होता, आणि नवऱ्याला एकट्याला टाकून निघणं शक्य नव्हतं. फोनवर बाईला विचारलं की ती म्हणायची, बरी आहो. आवाजही बरा वाटायचा. मी समजले तेलमालीश लागू पडली असेल.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भूमिकाचा फोन आला. "मावशी, बाबानं गादी नापास केली. शहाण्णव दिवस झाले. वापसीची नोंद मलेच कराले लावली. रविवारी माणूस येते न्यायला. आई काही बोलतच नाही. तू जाऊन पाहा ना."

"आणि मग बाई कशावर झोपणार?"

"बाबा म्हणते, दुसरी पाहू. सावकाश."

सावकाश हा शब्द भाऊजींच्या तोंडून काय असतो हे मला माहीत आहे. त्यांच्या घरच्या पंख्याची निवड दोन उन्हाळे चालली होती. म्हणजे बाई आणखी दोन वर्षं त्या झोळीत. मी शनिवारी दुकान बंद केलं आणि रविवारी सकाळच्या गाडीनं गोंदिया गाठलं. तिथून ऑटोनं कामठा. वाटभर भांडणाची तयारी केली. एकेक वाक्य असं रचलं होतं की भाऊजींनी ते दाढेखाली धरलं असतं तर दाढच गेली असती.

पण मी पोचले तेव्हा न्यायला आलेला माणूस दारातच होता. छोटा टेम्पो, गोंदियाचा हिंदी बोलणारा तरुण, गळ्यात ओळखपत्र. बैठकीत ईश्वरदास खुर्चीवर बसले होते, निकाल ऐकायला आल्यासारखे. बकाराम गादी उचलायला बाह्या सारून उभा. आणि भाऊजी वही हातात घेऊन त्या तरुणाला नापास करण्याची कारणं वाचून दाखवत होते. काठ कच्चा. उसळी नाही. हवा पाहून बदलते. तरुण मान हलवत होता, कारण त्याला त्यातलं काही नको होतं.

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि तिला ताठ उभी पाहून थोडं नवल वाटलं. भिंत धरली नव्हती.

"चाचाजी, एक बार देख लेता हूँ, फिर ले जाता हूँ," तो तरुण म्हणाला. त्यानं पन्नी सोडली, गादीवर हात फिरवला, एक बाजू उचलली, दुसरी बाजू उचलली. मग वाकला आणि मोबाइलचा दिवा लावला.

"ये क्या है?"

गादीच्या भिंतीकडच्या बाजूला, लांबीच्या मधोमध, बोट जाईल एवढं भोक होतं. गोल, खोल. कडेला फोमचा चुरा.

तो सरळ झाला. "छेद है इसमें. ये वापस नहीं होगा चाचाजी. कटा-फटा माल हम नहीं लेते, नियम है."

मग ईश्वरदास खुर्चीसकट हसायला लागले. "उदाराम, गादीले भी परखी मारली का गा?"

बकारामलाही आवरेना. "दादा, ओल किती निंगाली?"

खरं सांगते, मीही हसले. सकाळपासून रचलेलं भांडण एकदम फुकट गेलं होतं आणि गादी घरातच राहणार होती. हसू येणार नाही तर काय. मी म्हटलं, "आत काय आहे ते डोळ्यानं पाहायचं होतं ना? शेवटी राहवलं नाहीच तुम्हाला."

"मी नाही मारली," भाऊजी म्हणाले.

"घरात परखी एकच. ते दारामागच्या खिळ्याले टांगली राहते," ईश्वरदास म्हणाले. "मंग काय उंदरानं मारली?"

"मी नाही मारली म्हणून सांगून राहिलो ना." भाऊजी गादीवर वाकले, भोकात करंगळी घातली. "हे पाहा. हे सरळ मारली आहे, वरून खाली. मी परखी तिरपी घालतो. चाळीस वर्षांत सरळ मारली नाही. सरळ मारली का पोत्याचा ताग तुटते. अन् दोनदा मारली आहे, पहिल्यांदा हात डरला. हा हात माझा नाही."

"तिरपी मार का सरळ मार, छेद तं छेद आहे," ईश्वरदास म्हणाले. ते डोळे पुसत होते. "उद्या मिलात सांगतो. मालक खुश होईन."

भाऊजी सरळ उभे राहिले. मिलमध्ये एक रीत आहे, ती मला त्यांनीच कधी तरी सांगितली होती. परखी मारली की पोत्याला भोक पडतं, धान गळतं. म्हणून ज्यानं मारली त्यानं मारली म्हणून सांगायचं आणि नखानं ताग सारून भोक बुजवायचं. मारून नाही म्हणणारा माणूस त्या धंद्यात ठेवत नाहीत. मापात चुकलेल्याला माफी आहे, यात नाही. म्हणजे आम्ही सगळे हसत होतो ते त्या माणसाच्या दृष्टीनं थट्टेचं नव्हतंच. आम्ही त्याला खोटारडा म्हणत होतो.

"मी नाही मारली, ईश्वर," ते तिसऱ्यांदा म्हणाले, आणि या वेळी आवाज खाली आला होता. ईश्वरदासांनी मान हलवली, हो हो म्हणाले, आणि पुन्हा हसले. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तरी विश्वास ठेवीन असं त्यांना वाटलं असावं. मी ठेवला नव्हता, आणि ते त्यांना दिसलं. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा पडलेला मी पाहिला नव्हता. मला ते मुळीच आवडलं नाही.

"हे खोटं नाही बोलून राहिले," बाई म्हणाली. "परखी मी मारली."

ती पदराला हात पुसत बैठकीत आली. ईश्वरदास हसायचे थांबले. बाई चारचौघांत बोलत नाही; तिला बोलताना पाहून बकारामनं सारलेल्या बाह्या खाली घेतल्या.

"तू?" भाऊजी म्हणाले. "काऊन?"

"तुम्ही वापस धाडून राहिले होते म्हणून. भूमिका फोनवर म्हणे, फाटली का नाही नेत. मंग काल तुम्ही आंघोळीले गेले, तवा मारली. पहिल्यांदा हात डरला, ते बरोबर आहे तुमचं."

"पण तुले कायले पाह्यजे होती हे गादी? तू तं झोपलीच नाहीस तिच्यावर."

"झोपली नाही?" बाई म्हणाली. "दोन महिन्यांपासून रोज झोपून राहिली मी. तुम्ही मिलात गेले का चिकटपट्टी काढो, पन्नी काढो, झोपो. चार वाजता उठून पुन्हा जशीच्या तशी बांधून ठेवो. तीन तर चिकटपट्ट्या नवीन आणल्या."

भाऊजी चिकटपट्टीकडे पाहत राहिले. दाण्यातली ओल आवाजावरून ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या बैठकीतली चिकटपट्टी बदललेली दिसली नव्हती.

"मले सांगाचं ना," ते म्हणाले.

"तुम्ही विचाराचं ना." बाईचा आवाज चढला नव्हता. "साऱ्या गावाले विचारलं तुम्ही. पोस्टमनले विचारलं. सुशिलाबाईचं बोट भी लिहून ठेवलं वहीत. गादी आली कोणासाठी? शंभर दिवसांत एकदा म्हटलं का, शामकला, तू पाहा बरं झोपून? मी चूप राहिली असती तं गादी घरातच राहत होती. मले काय होतं? पण तुमचं नाव जाऊन राहिलं होतं, म्हणून बोलली."

मला स्वतःची लाज वाटली. जानेवारीत मी दोन दिवस तिथे होते. भाऊजींशी वाद घातला, फोमचे थर समजावले, बाईला ताट आपट म्हणून शिकवलं. बाई, तुला ही गादी कशी वाटते, हे मीही विचारलं नव्हतं. आणि जिला मी भित्री समजत होते ती रोज दुपारी पन्नी सोडून आरामात झोपत होती.

तो तरुण अवघडून उभा होता. "तो चाचाजी, वापसी कैंसल लिखूँ? कारण लिखना पड़ता है."

भाऊजींनी बाईकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "लिख. माल पास."

तरुणानं काय लिहिलं माहीत नाही, पण तो गेला. ईश्वरदासही उठले. जाताना भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मिलात नाही सांगत गा." बकाराम म्हणाला की गादी उचलायची नसेल तर तो जेवायला जातो.

मग भाऊजींनी खुर्ची ओढून घेतली, वहीचं नवं पान काढलं आणि बाईला म्हणाले, "बस. सांग आता. कसा आहे माल?"

असा प्रश्न तिला कोणी कधी केलाच नव्हता. तो कुठल्या बाजूनं धरायचा तेच तिला कळत नसावं. मग ती गादीच्या मधोमध बसली आणि बोलायला लागली, आणि एकदा लागल्यावर थांबेना. काठ कच्चा आहे, ईश्वरदासभाऊ बरोबर बोलले. उठताना काठावर बसू नये, मधातून उठावं. वास गेला आता. मार्चातच पाठीले घाम येऊन राहिला, मे महिन्यात तापन, वर जाड सुती चादर टाकाच लागन. दहा वर्षं टिकते म्हणून लिहिलं आहे ते काही खरं नाही. पाच टिकन, लय झालं तं सहा. पण जमीन कडक आहे अन् हे कडक आहे, त्यात फरक आहे. जमीन कंबरेखाली येत नाही, मधात पोकळी राहते. हे येते. कुशीवर वळलं का खांदा नाही टोचत. सकाळच्या थंडीत टणक राहते म्हणता, तं पाच मिनिटं पडून राहाव, अंगाच्या गरमीनं आपोआप बरोबर होते. उसळी नाही हे चांगलंच आहे. खाटेवर उसळीनंच कंबरेत कळ येत होती. एवढ्या कमी पैशात एवढं मिळत असन तं घ्याव.

भाऊजी लिहीत होते. मधूनच थांबून विचारत होते, डाव्या कुशीवर का उजव्या, किती वेळानं, उठल्यावर कसं वाटते. धानाच्या दाण्याला देतात तेवढं लक्ष त्यांनी तिच्या एकेका शब्दाला दिलं. मी भांडायला आले होते ते विसरून मुकाट्यानं बसून ऐकत होते. अशी तपासणी मीही कधी पाहिली नव्हती.

पान भरलं तेव्हा त्यांनी शेवटचं विचारलं. मिलमध्ये नव्या मालाची जुन्याशी तुलना करून शेरा लिहितात, म्हणून असेल. "बरं, आंदीच्यापेक्षा झोप किती फरकानं चांगली आहे? आंदी, खाटेवर, तू कशी झोपे?"

"आंदी?" बाई म्हणाली. "आंदी मी झोपतच नव्हती. पडून राहो. तुम्ही उठाची वाट पाहो."

भाऊजींचा पेन कागदावर टेकलेला होता. या घरात, तिच्यापासून चार हातांवर, सदतीस वर्षं ते घोरत आले होते. त्यांनी ते लिहिलं नाही. वही मिटली आणि बाईला, माझ्यासमोर, हळूच विचारलं, "अन् अजून काय काय विचारलं नाही मी?"